शाईचं पेन घेताना

मुलांसाठी शाईचं पेन घ्यायला मालवीय रोडला किंवा गोलबाजारात जाल, तेव्हा त्यांची शाळेची वही सोबत न्या. दुकानातल्या गुळगुळीत कागदावर कुठलंही पेन छान चालतं. रोज लिहायचं असतं ते वहीवर. तिथे शाई फुटते का, मागच्या पानावर उमटते का, ते पैसे देण्याआधी बघा.

स्वस्त पेन म्हणजे वाईट पेन नव्हे. शे-दोनशे रुपयांत वर्षानुवर्षं साथ देणारं पेन मिळतं. महागाचा हट्ट नकोच. मुलांच्या हातून ते एकदा तरी पडणारच आहे. पण स्वस्त मालात एकाच जातीची दोन पेनं सारखी लिहीत नाहीत. निवड तुम्हालाच करावी लागते.

म्हणून दोन-तीन पेनं मागून घ्या. निब उजेडात धरा. तिची चीर सरळ मधोमध हवी. दोन्ही टोकं एका पातळीत हवीत. एक टोक वर आणि एक खाली असेल, तर निब कागद खरवडते. खालची जीभ निबला घट्ट टेकलेली हवी. मग निब शाईत बुडवा आणि जोर न देता आडवे आठ काढा. एखाद्या वळणावर खरखर लागली, तर ते पेन परत ठेवा.

बुडवून लिहिलं की सगळीच पेनं चांगली वाटतात. खरी परीक्षा घरी होते. शाई भरून, टोपण लावून रात्रभर ठेवा. सकाळी पहिल्याच अक्षराला शाई उतरली पाहिजे. नाही उतरली, तर निब आणि जीभ साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको. तरीही अडलं, तर दुकानदाराकडे बदलून मागा. तसं त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, हे विसरू नका. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई कमी झाली, की मोकळ्या जागेत हवा साठते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मग डाग पडतो तो नेमका गृहपाठावर. तिसरा हिस्सा उरला की पेन पुन्हा भरा. खिशात निब वरच्या बाजूला राहू द्या. स्कूटरच्या डिकीत पेन ठेवू नका. लहान मुलांना कार्ट्रिजचं पेन बरं.

शाई फाउंटन पेनचीच घ्या. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला घेतल्या. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. तिची साधी निळी शाई रोजच्या लिहिण्याला पुरते. ड्रॉइंगची काळी शाई मात्र भरू नका. ती आत वाळते आणि पेन कायमचं बुजतं.

साधी निळी शाई पाण्याने फिकी पडते. गणवेशाच्या दृष्टीने ते बरंच. पण चेकवर, भाडेकरारावर तिने सही करू नका. आणि परीक्षेच्या दिवशी कंपासपेटीत त्याच रंगाचं एक बॉलपेनही असू द्या.