लक्ष गेलं म्हणून बोट गेलं?

बीपी तपासायला हात पुढे केला की काही पेशंटची एक-दोन बोटे अर्धीच दिसतात. विचारले तर ठरलेले उत्तर येते, "पॉवर प्रेसवर गेली, डॉक्टर. माझंच लक्ष नव्हतं." मालकही तेच सांगतो. मला ते पटत नाही.

पत्रा डायखाली सरकवायचा, पेडल दाबायचे, जॉब काढायचा. एका शिफ्टमध्ये हे शेकडो वेळा होते. असे काम मेंदू सवयीवर सोपवतो आणि लक्ष कधीतरी हटतेच. हा निष्काळजीपणा नाही, शरीराचा धर्म आहे. म्हणून यंत्रालाच गार्ड हवा. यंत्र चालू असताना तो जागेवरच असला पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येही लिहिले होते. हातमोजे घालून डायखालचे बोट वाचत नाही.

कोणता गार्ड निवडायचा? शक्य असेल तिथे पक्का बसवलेला, पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवणारा. प्रत्येक वेळी हात आत घालावाच लागत असेल, तर इंटरलॉकचा. तो उघडा असताना प्रेस चालतच नाही.

हल्ली अनेकांना प्रकाशकिरणांचा सेन्सर हवा असतो. पण जुन्या, पिन क्लचच्या प्रेसचा फटका एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. तिथे सेन्सर म्हणजे खोटा धीर. मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेसवरही अंतराचा हिशेब लागतो. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. सेन्सरने हात ओळखल्यापासून प्रेस थांबेपर्यंत ०.२ सेकंद गेले, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. सेन्सर त्याहून जवळ बसवून उपयोग नाही.

दोन्ही हातांनी बटणे दाबायची पद्धत चांगली, पण ती फक्त बटण दाबणाऱ्याला वाचवते. शेजारच्या मदतनिसाला नाही.

आणि एक. कामाचा वेग कमी करणारा गार्ड आठवड्याभरात कोपऱ्यात पडतो, कारण पैसे नगावर मिळतात. म्हणून गार्ड घेण्याआधी ऑपरेटरला विचारा, त्याच्याकडून चालवून बघा.

तुमच्या घरातले कोणी प्रेसवर काम करत असेल, तर आज संध्याकाळी गार्डबद्दल विचारा. जखम आम्ही भरून आणतो, बोट पुन्हा उगवत नाही. "लक्ष नव्हतं" म्हणणाऱ्या पेशंटला मी आता एकच विचारतो, "गार्ड होता का?"