शब्दांची पारख : चेक 'ऑनर' होतो म्हणजे काय?

नेसरीहून एक भगिनी विचारतात : "काजूच्या विक्रीपोटीं व्यापाऱ्यानें दिलेला चेक बँकेंतून परत आला. सोबतच्या इंग्रजी चिठ्ठींत 'डिसऑनर्ड' असा शब्द आहे. मामंजी म्हणतात, बँकेनें आपली अब्रू घेतली. आतां हा विषय कोणीं काढावयाचा नाहीं. त्या शब्दाचा खरा अर्थ काय?"

ज्या गांवाजवळ २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं प्रतापराव गुजर अवघ्या सहा जणांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, तेथें अब्रूची गोष्ट कोणी हलकी मानणार नाहीं, हें खरें. परंतु मामंजींचा राग अस्थानीं आहे, आणि त्यांच्या मौनानें नुकसान व्हावयाचें तें घरचेंच होईल.

'ऑनर' ह्या क्रियापदाचा नेहमींचा अर्थ मान देणें, आदर करणें असा आहे. पेढीच्या भाषेंत तो मान माणसास नसून लेखास असतो. चेक म्हणजे खातेदारानें आपल्या बँकेस केलेली आज्ञा : अमक्यास इतके रुपये द्यावेत. ती बँकेनें पाळली कीं चेक 'ऑनर' झाला. न पाळली कीं 'डिसऑनर'. तेव्हां कमीपणा आलाच तर तो सही करणाऱ्यास. चेक घेऊन जाणाऱ्यास त्याचा स्पर्शहि नाहीं. १८८१ च्या पराक्राम्य लेख अधिनियमाचें ३१ वें कलमहि हेंच दर्शवितें. खात्यांत पुरेसे पैसे असतां बँकेनें विनाकारण चेक परतविला, तर तिनें भरपाई द्यावयाची ती चेक लिहिणाऱ्यास. कारण पत गेली ती त्याची.

ह्या क्रियापदास मराठींत प्रतिशब्द शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या सावकारी पेढ्यांवर हुंडी 'सकारली' जात असे. सकारणें म्हणजे हुंडीचा स्वीकार करणें, मी हे पैसे देईन असें मान्य करणें. वटणें म्हणजे तिचे रोख पैसे हातीं येणें. दर्शनी हुंडींत ह्या दोन गोष्टी बहुधा एकदमच घडत. मुदती हुंडी आज सकारली तरी वटावयाची ती मुदत भरल्यावर. इंग्रजी 'ऑनर' दोन्ही अर्थ पोटांत घेतो. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनीं ते निराळे ठेवले, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. हुंडी नाकारली गेली तर लिहिणाऱ्याची लाज राखण्यासाठीं तिसऱ्याच पेढीनें ती सकारावी, अशी विनंती करणारी 'जिकरी चिठ्ठी'हि सोबत देण्याची चाल होती. चेकच्या नशिबीं असा कैवारी नाहीं.

अलीकडील सरकारी मराठींत 'धनादेश अनादरित झाला' असें लिहितात. हें इंग्रजीचें शब्दशः कलम आहे, आणि मामंजींसारख्या सज्जनांचा गैरसमज त्यानें वाढतोच. 'चेक वटला नाहीं' इतकें सुबोध वाक्य असतां हा आदर-अनादर कशास? मात्र घरोघर एक चूक होते, तीहि सांगितली पाहिजे. चेक बँकेंत 'भरला' म्हणजे तो 'वटला' असें नव्हे. भरल्याच्या पावतीवरील शिक्का पाहून धन्यास पैसे पोहोंचल्याची कबुली लिहून देणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

आतां भगिनींनीं करावयाचें तें असें. प्रथम चिठ्ठींतील कारण वाचावें. सहींत फरक असेल तर व्यापाऱ्याकडून नवा चेक मागून घेतल्यानें बहुधा काम भागतें. खात्यांत पैसे अपुरे असल्याचें कारण असेल तर त्याच अधिनियमाचें १३८ वें कलम उपयोगी पडतें. तें १ एप्रिल १८८९ रोजीं नव्हे, तर शंभर वर्षांनीं, १ एप्रिल १९८९ रोजीं अंमलांत आलें. तोंपर्यंत चेक न वटणें हा ह्या अधिनियमाखालीं गुन्हा नव्हता. आतां त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. परंतु कायदा मौन पाळणाऱ्यासाठीं थांबत नाहीं. चेक परतल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांचे आंत व्यापाऱ्यास लेखी नोटीस गेली पाहिजे. ती पोहोंचल्यावर त्यास पंधरा दिवसांची सवड मिळते. तेवढ्यांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यांत न्यायालयांत फिर्याद करावयाची. चेकवरील तारखेपासून तीन महिने उलटले नसतील तर तोच चेक पुन्हा भरून पाहतां येतो.

मूळ चेक, बँकेची चिठ्ठी आणि काजूच्या विक्रीची पावती ह्या तिन्ही वस्तु एकत्र जपून ठेवाव्यात, आणि चिठ्ठीवरील तारीख आजच पाहावी.