कोरावर उत्तर लिहा, पण कॉपी स्वतःकडे ठेवा!

'वायगाव हळद आणि साधी हळद यात फरक काय?' असा प्रश्न कोरावर दिसला तर? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या या हळदीला जीआय मानांकन आहे, एवढं तर एआयसुद्धा सांगतो. पण हळद शिजवली कशी, वाळवली कशी, हे फोटोसकट शेतकऱ्याचं पोरगंच सांगणार. लोक नाव लक्षात ठेवतात ते त्याचं. माझ्या मते पर्सनल ब्रँडिंग म्हणजे हेच. प्रोफाइलवर 'इन्फ्लुएन्सर' लिहून काही होत नाही!

कंटेंटला विषय सुचत नसेल तर फॉलोअर्स जास्त पण उत्तरं कमी असलेले प्रश्न शोधा. त्यातच तुमची पुढची रील आहे.

खरी गोची वेगळीच. २००५ साली सुरू झालेलं याहू आन्सर्स ४ मे २०२१ ला बंद पडलं. आपला डेटा मागून घ्यायला लोकांना ३० जूनपर्यंत मुदत होती. ज्यांनी मागितला नाही, त्यांची वर्षांची मेहनत हातची गेली. कोरावरही २०१८ मध्ये सुमारे १० कोटी खात्यांची माहिती हॅकर्सपर्यंत पोहोचली होती. म्हणून मी उत्तर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहितो, मगच पोस्ट करतो. आणि मोबाईल नंबर? तो उत्तरात कधीच टाकत नाही.