स्वस्त देश कोणता ?

हल्लीं आमच्या मध्यमवर्गीय घरांतून उन्हाळ्याच्या सुटीची भाषा पालटली आहे. पूर्वीं महाबळेश्वर कीं माथेरान, आणि फार झालें तर काश्मीर कीं केरळ, एवढाच वाद असे. आतां वाद चालतो तो व्हिएतनाम कीं बाली, श्रीलंका कीं थायलंड असा. हा पालट आम्हांस मुळींच अनिष्ट वाटत नाहीं. ज्या समाजांत सव्वाशें-दीडशें वर्षांपूर्वीं समुद्र ओलांडून आलेल्या माणसास प्रायश्चित्त घ्यावें लागे, त्याच समाजांत आज समुद्र न ओलांडलेल्या माणसास चारचौघांत ओशाळें व्हावें लागतें, ही उलटापालट मौजेची आहे खरी. पण घराबाहेर पडून जग पाहणें हें केव्हांही चांगलेंच. तथापि या हौसेबरोबर एक प्रश्न घरोघर विचारला जाऊं लागला आहे, आणि त्याला जीं उत्तरें मिळतात तीं इतकीं पोकळ व कित्येकदां इतकीं घातक असतात कीं, त्यांचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें आहे. तो प्रश्न हा, कीं बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास परवडेल असा स्वस्त देश कोणता?

पहिलें उत्तर नाण्यांच्या भावावरून देण्यांत येतें. एका रुपयास सुमारें तीनशें व्हिएतनामी डोंग मिळतात, इंडोनेशियाचे रुपियाही दीडशेंच्या वर मिळतात. सबब त्या देशांत आपला रुपया राजा, असें हें शास्त्र आहे. पन्नास हजार रुपये खिशांत घालून हानोईस उतरलेला गृहस्थ डोंगांच्या हिशेबानें कोट्यधीश होतो, हें अगदीं खरें. परंतु त्या कोट्यधीशास रस्त्यावरच्या दुकानांत शेवयांच्या रश्शाचा एक वाडगा घ्यावयाचा तर पन्नास हजारांच्या आसपास डोंग मोजून द्यावे लागतात, ही गोष्ट त्याला तिकीट काढण्यापूर्वीं कोणी सांगत नाहीं. नोटेवर शून्यें किती असावीं हा त्या देशाच्या चलनाच्या इतिहासाचा प्रश्न आहे. तेथील बाजारभावाशीं त्याचा संबंध नाहीं. दक्षिण कोरियाचें उदाहरण घ्या. एका रुपयास पंधरा-सोळा कोरियन वॉन येतात. नेपाळांत शंभर भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये येतात, व हा भाव १९९३ पासून बांधून टाकलेला आहे. वरील शास्त्राप्रमाणें सोल शहर काठमांडूच्या दसपट स्वस्त ठरलें पाहिजे! प्रत्यक्षांत सोलमध्यें कॉफीच्या एका पेल्यास चार-पांच हजार वॉन, म्हणजे आपले तीनशें रुपये सहज पडतात, आणि तेवढ्या पैशांत काठमांडूच्या साध्या खानावळींत माणूस पोटभर डाळभात जेवून वर चहा घेतो.

भूतानची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथील चलन रुपयाच्या बरोबरीचें, देश शेजारचा, व्हिसाची गरज नाहीं; पण सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रवाशास तेथें दर रात्रीं १,२०० रुपये कर द्यावा लागतो. चार प्रौढ माणसें सात रात्री राहिलीं तर निजण्याजेवण्याचा खर्च धरण्यापूर्वींच ३३,६०० रुपये निघून जातात. आपल्या डोंगरदऱ्या गर्दीपासून वांचविण्याचा त्या राज्यास पूर्ण अधिकार आहे, आणि आमच्याकडील थंड हवेच्या ठिकाणांची दशा पाहिली म्हणजे त्याच्या शहाणपणाचें कौतुकच वाटतें. मात्र नाण्याचा भाव पाहून भूतानास निघालेल्या गृहस्थानें हा आंकडा आधीं पाहिलेला बरा.

या भावाच्या शास्त्राला आणखी एक अंग आहे, आणि तें आम्हांस ओंगळ वाटतें. २०२२ सालीं श्रीलंकेची सरकारी तिजोरी रिकामी पडली, परदेशी कर्जाची फेड थांबली, पेट्रोलसाठीं लोकांनीं दिवसचे दिवस रांगा लावल्या, औषधें मिळेनाशीं झालीं, आणि जुलै महिन्यांत राष्ट्राध्यक्षांस देश सोडून पळावें लागलें. त्या वर्षीं तेथील रुपयाची किंमत डॉलरच्या मानानें जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच सुमारास "आतां तिकडे स्वस्त झालें आहे, जाऊन घ्यावें" असे उद्गार आमच्या कानीं आले. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असतां त्याच्या भांड्यांचा लिलाव केव्हां होतो याची चौकशी करण्यासारखेंच हें झालें. प्रवाशांचा पैसा अशा देशास हवा असतो, आणि तेथें जाणें हें त्यास उपकारकच. परंतु जावें तें पाहुण्याप्रमाणें. कोलंबोच्या रिक्षावाल्याशीं शंभर रुपयांकरितां अर्धा तास हुज्जत घालून ती मर्दुमकी घरीं येऊन सांगणाऱ्यांची आम्हांस कींव येते.

दुसरें उत्तर वरकरणी अधिक सुधारलेलें दिसतें. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत एक आंकडा रुपयांचा असतो व दुसरा देशांचा. आणि पहिल्यास दुसऱ्यानें भागलें म्हणजे दर देशीं काय पडतें तें निघतें. 'दहा दिवसांत सात देश' हें वाचतांच आमचा गृहस्थ हा भागाकार मनांतल्या मनांत करतो, आणि एकाच देशांत दहा दिवस काढणारा शेजारी त्यास उधळ्या वाटूं लागतो. या मोजणींत सत्य तें किती? युरोपांतील २९ देशांचा मिळून एकच शेंगेन व्हिसा आहे, आणि त्यांच्या आपसांतील सरहद्दीवरून बस पुढें गेली हें पुष्कळदां रस्त्यावरची पाटी वाचल्यावांचून कळतही नाहीं. लिख्टेनश्टाइन म्हणून जो देश या यादींत मानानें मिरवतो, त्याचा सारा विस्तार १६० चौरस किलोमीटर. आमच्याकडील एखाद्या तालुक्याहूनही तो लहान. त्याच्या वाडूझ गांवीं बस अर्धा तास उभी करावी, मंडळींनीं पाय मोकळे करून एक छायाचित्र काढावें, कीं यादींत एक देश वाढला! या रीतीनें आम्हीही पुण्याहून कोल्हापुरास जातांना वाटेंत तीन संस्थानें पाहिलीं असें म्हणूं शकूं.

हें सारें हंसण्यावारीं नेतां आलें असतें. पण त्याच्या पोटांत एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. घराकरितां, शिक्षणाकरितां, आजाराकरितां कर्ज काढणें आमच्या वर्गास नवें नाहीं. अलीकडे मात्र सहलीकरितांही हप्ते बांधून मिळूं लागले आहेत. प्रवास या मे महिन्यांत, आणि फेड पुढच्या मेपर्यंत. ज्या घरांत आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणून लांबणीवर टाकतात, मुलीच्या महाविद्यालयाच्या फीकरितां बाजूस काढलेली ठेव 'तात्पुरती' मोडतात, त्याच घरांतून स्वित्झर्लंडच्या बर्फाचें आगाऊ पैसे भरले जातात, ही स्थिति कल्पनेंतली नाहीं. असें कां व्हावें? कारण देश निवडतांना आपल्याला काय पाहावयाचें आहे हें विचारण्याऐवजीं चार लोकांस काय सांगतां येईल हें विचारलें जातें. युरोपांत गेलों असें सांगितल्यावर 'वा!' येतो, श्रीलंकेंत तीन आठवडे होतों म्हटलें तर 'तेथें एवढें काय आहे?' असा प्रश्न येतो. या एका 'वा'ची किंमत कित्येक कुटुंबें वर्षभर व्याजासह फेडीत बसतात.

मग हिशेब करावा तरी कसा? आमचें म्हणणें असें कीं, देशाची किंमत विचारण्याऐवजीं तेथील एका दिवसाची किंमत विचारावी. परदेशप्रवासाचा खर्च दोन जातींचा असतो. विमानाचें तिकीट, व्हिसा वगैरे पहिल्या जातीचा. तो तुम्ही पांच दिवस राहा कीं पंधरा दिवस, तेवढाच. खोली, जेवण, बस, आगगाडी हा दुसऱ्या जातीचा. तो दिवसागणिक वाढतो. समजा, चार माणसांच्या कुटुंबास पूर्वेकडील एखाद्या देशीं जाण्यायेण्यास व व्हिसास मिळून सव्वा लाख रुपये पडले आणि तेथें रोजचा खर्च आठ हजार आला. पांच दिवसांत परतल्यास एकूण १,६५,००० रुपये, म्हणजे दिवसास ३३,०००. तेंच कुटुंब पंधरा दिवस राहिलें तर २,४५,०००, म्हणजे दिवसास सोळा हजारांच्या आसपास. यावर कोणी म्हणेल, "दिवस स्वस्त झाला, पण थैली तर जास्तच हलकी झाली!" त्यास आमचें उत्तर असें कीं, दर वर्षीं पांच दिवसांची धांवपळ करणारे तीन वर्षांत पंधराच दिवस परदेशीं असतात आणि त्यांचे ४,९५,००० रुपये खर्च होतात. तेच पंधरा दिवस एकदम काढले तर निम्म्यांत भागतें, आणि मधलीं दोन वर्षें कोंकणांत कीं विदर्भांत हिंडावयास मोकळीं राहतात. इतकी रजा एकदम मिळत नाहीं ही अडचण खरी आहे. पण पंधरांच्या ठिकाणीं बारा दिवस धरले तरी हिशेबाचा कल बदलत नाहीं.

कंबोडियाच्या अंकोर येथील देवालयांच्या तिकिटांत हेंच गणित उघड छापलेलें आहे. २०१७ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें एका दिवसास ३७ डॉलर, तीन दिवसांस ६२ आणि सात दिवसांस ७२. जो सकाळीं येऊन संध्याकाळीं जातो त्याला दिवस पडतो ३७ डॉलरांस, आणि जो आठवडाभर त्या दगडांत रमतो त्याला सव्वादहांस. बारा वर्षांखालील मुलांस तिकीटच नाहीं. व्हिसाचेंही तसेंच. व्हिएतनामचा साधा व्हिसा २५ डॉलरांचा, आणि ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंत मिळूं लागला. शेंगेन व्हिसाचें शुल्क ११ जून २०२४ पासून ८० चें ९० युरो झालें, व्हिसा नाकारला तरी तें परत मिळत नाहीं, आणि ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा उतरावा लागतो तो निराळाच. नेपाळास जावयास तर आम्हां भारतीयांस व्हिसाही नको. पहिल्या जातीचा खर्च जेथें थोडा व दुसऱ्या जातीचाही थोडा, असे देश आमच्या सुदैवानें आमच्या अंगणापलीकडेच आहेत.

देशाइतकाच महिना महत्त्वाचा, आणि याच ठिकाणीं आमचीं कुटुंबें अधिक फसतात. शाळेची सुटी बदलतां येत नाहीं. तेव्हां देशानेंच सुटीशीं जुळलें पाहिजे. मे महिन्यांत नैर्ऋत्येचा पाऊस श्रीलंकेच्या कोलंबो-गॅलकडील किनाऱ्यावर उतरूं लागतो. तेथील खोल्या त्या दिवसांत स्वस्त मिळतात त्या उगीच नव्हेत! परंतु त्याच महिन्यांत त्या बेटाचा पूर्व किनारा, त्रिंकोमालीकडचा, कोरडा असतो, कारण त्याचा पाऊस वर्षाच्या अखेरीस ईशान्येकडून येतो. जावा-बालीकडे साधारणपणें एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कोरडे दिवस. मध्य व्हिएतनामांत मे महिन्यांत ऊन कडक, पण आकाश मोकळें. तेंच होई आन गांव दिवाळीच्या सुटींत गांठलें तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुराचें पाणी गल्ल्यांतून शिरलेलें सांपडण्याचा संभव. दिवाळींत नेपाळ गांठावें. पावसानें धुतलेल्या आकाशांत हिमालय त्या वेळीं जसा दिसतो तसा मे महिन्याच्या धुरकट हवेंत दिसत नाहीं. मात्र साऱ्या जगास हें ठाऊक असल्यामुळें तेथें तेव्हां गर्दी असते व खोल्यांचे भावही चढलेले असतात.

"पण तेथें पाहण्यासारखें काय आहे?" या प्रश्नाचा आम्हांस विशेष राग येतो. होई आनपासून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर मी सन येथें चंपा देशाच्या राजांनीं चौथ्या शतकापासून शिवाचीं मंदिरें बांधलीं. तेथें संस्कृत शिलालेख आहेत. आणि तेथलें सर्वांत उंच शिखर १९६९ सालीं अमेरिकेच्या बॉंबफेकींत कोसळलें. जावा बेटावर बोरोबुदूरचा प्रचंड स्तूप आहे. जवळच प्रंबानन येथें भिंतींवर रामायण कोरलेलें आहे, आणि मुसलमान बहुसंख्य असलेल्या त्या देशांत त्याच मंदिरांच्या पायथ्याशीं रामायण नाचून दाखवितात. श्रीलंकेच्या सिगिरियाच्या कड्यावरील चित्रांची तुलना कलाभ्यासक आमच्या अजिंठ्याशीं करतात. पण अजिंठा ज्याच्या घरापासून एका रात्रीच्या वाटेवर आहे त्या मराठी माणसास सिगिरियाचें नांवही पुष्कळदां ठाऊक नसतें. पु. ल. देशपांड्यांनीं 'अपूर्वाई' लिहून विलायत दाखविली, तशीच 'पूर्वरंग' लिहून पूर्वेची वाटही दाखविली होती. आमच्या वाचकांनीं दोन्ही पुस्तकें आवडीनें वाचलीं, आणि तिकिटें मात्र एकाच दिशेचीं काढलीं.

जेवणाची भीति ही उरलेली सबब. ती थोडी खरी आहे. श्रीलंकेंत नारळाच्या चटणींत वाळलेल्या मासळीचा चुरा असतो, हें शाकाहारी माणसानें आधीं विचारून घ्यावें. बाकी भात, डाळ, नारळ आणि भाज्या यांचें तेथील ताट कोंकणी माणसास परकें वाटणार नाहीं. व्हिएतनामांत 'चाय' हा शब्द लक्षांत ठेवला कीं बौद्ध धाटणीचें शाकाहारी जेवण मिळतें. तेथील पुष्कळ लोक प्रतिपदेस व पौर्णिमेस स्वतःच मांस वर्ज्य करतात. आल्प्सच्या शिखरावर वरणभात मिळतो म्हणून जास्त पैसे भरणाऱ्यांनीं हा विचार अवश्य करावा.

युरोपास जाऊंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील चित्रशाळा, ग्रंथालयें, जुनीं शहरें ज्यांस खरोखर पाहावयाचीं आहेत त्यांनीं पैसे सांठवून, कर्ज न काढतां, खुशाल जावें. पण जावें तें एकाच देशास, फार तर दोन शहरांस. आणि तो देश स्वित्झर्लंडच असला पाहिजे असा चित्रपटांनीं घालून दिलेला दंडक पाळूं नये. पोलंडांत किंवा पोर्तुगालांत राहण्याजेवण्याचा खर्च त्याच्या मानानें पुष्कळ कमी येतो, आणि व्हिसा तोच, शुल्क तेंच.