तालीम गावाच्या डोळ्यांदेखत व्हावी

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांचं नाव निघालं की बंदी, तुरुंग आणि टॉयलेट पेपरवर लिहिलेली कादंबरी, या गोष्टी ओघाने येतातच. 28 मे 2025 रोजी ते गेले, तेव्हाही त्या निघाल्या. त्यांना तुरुंगात नेणारं ‘न्गाहिका न्देंदा’ हे नाटक बसलं कसं, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. आज ते रंगमंचावर आणू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने सुरुवात तिथूनच करायला हवी.

केनियातल्या लिमुरूजवळचं कामिरीथू हे ब्रिटिशांनी त्यांच्याविरुद्धच्या माउ माउ लढ्याच्या काळात माणसं जबरदस्तीने हलवून वसवलेलं गाव. वस्ती शेतमजुरांची, बाटाच्या बूट कारखान्यात राबणाऱ्यांची. न्गुगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवत. 1976 मध्ये गावातली एक बाई त्यांच्या दारी खेपा घालू लागली आणि गावच्या केंद्रासाठी काही करा म्हणून त्यांच्या मागेच लागली. आधी प्रौढ साक्षरतेचे वर्ग सुरू झाले, मग नाटकाचं ठरलं. सहलेखक न्गुगी वा मिरी यांच्यासोबत त्यांनी गिकुयू भाषेत संहितेचा कच्चा आराखडा केला आणि तो गावापुढे ठेवला.

गावाने तो निमूट स्वीकारला नाही. म्हातारा माणूस असं बोलत नाही, हे म्हाताऱ्यांनी सांगितलं. गिचाम्बा या कामगाराच्या तोंडची कारखान्याची वर्णनं तिथेच काम करणाऱ्यांनी तपासून घेतली. लग्नविधीतला गितिरो हा गीतसंवाद तर एका निरक्षर शेतकरी बाईने शब्दन् शब्द सांगून उतरवून घ्यायला लावला. विद्यापीठातले दोन लेखक तिच्यापुढे विद्यार्थी होऊन बसले. या नाटकाचं अस्सलपण इथून आलं आहे. निवड चाचण्या आणि तालमी उघड्यावर, सगळ्यांसमोर होत. बघायला आलेला माणूस चूक दाखवी, कधी स्वतःच भूमिकेत उभा राही.

नाट्यगृहही गावानेच बांधलं. कचेरीत शिपाई असलेल्या एका तरुणाने काडेपेटीच्या काड्यांचा नमुना केला आणि त्यावरून दोन हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असं खुलं रंगस्थळ उभं राहिलं. तो तरुण वास्तुशास्त्राच्या कुठल्याही शाळेत गेलेला नव्हता.

पहिला प्रयोग 2 ऑक्टोबर 1977 ला झाला. किगुंडा या शेतमजुराची कर्जापायी गहाण पडलेली दीड एकर जमीन श्रीमंत जमीनदार कशी गिळतो, ही नाटकाची गोष्ट. 16 नोव्हेंबरला प्रयोगांचा परवाना रद्द झाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगींना उचललं आणि सुमारे वर्षभर खटल्याविना डांबलं. 1982 मध्ये कामिरीथूच्या मंडळींच्या पुढच्या नाटकाला नैरोबीच्या नॅशनल थिएटरचं दार बंद झालं, तेव्हा तालमी नैरोबी विद्यापीठात झाल्या आणि त्या बघायलाच हजारो लोक लोटले. मार्चमध्ये पोलिसांनी कामिरीथूचं रंगस्थळ जमीनदोस्त केलं.

मे 2022 मध्ये ‘न्गाहिका न्देंदा’ नैरोबीच्या त्याच नॅशनल थिएटरमध्ये इंग्रजी आणि गिकुयू अशा दोन्ही भाषांत झालं. तेही व्हायलाच हवं होतं. पण राजधानीतल्या तयारीच्या नटसंचाने केलेला देखणा प्रयोग या नाटकाला अर्धाच न्याय देतो. नुसते विद्यार्थी घेऊन, ग्रंथालयातली छापील प्रत अक्षरशः पाठ करून केलेला प्रयोग तर त्याहून तोकडा. किगुंडाचं कर्ज विशीतल्या मुलीला किंवा मुलाला अभ्यासून समजेल. जमीन गहाण ठेवलेला माणूस शेजारी उभा असेल, तर संवादाची फेक आपोआप बदलेल. त्या माणसालाही पाठांतर, मंचावरच्या हालचाली, आवाज लावणं यांत विद्यार्थ्यांची मदत होईल. दिग्दर्शकाला मात्र आपला अधिकार थोडा सोडावा लागेल आणि संहितेत बदल सुचवण्याची मुभा सगळ्यांना द्यावी लागेल.

यासाठी विद्यापीठांना आपलं वेळापत्रकही मोडावं लागेल. कामिरीथूत तालमी प्रामुख्याने शनिवार-रविवारी दुपारी होत, कारण कामकऱ्यांना तेव्हाच सवड असे. कॉलेजच्या सोयीने मंगळवारी सकाळी अकराला तालीम ठेवली, तर कारखान्यातला माणूस यायचा कसा?