विश्लेषण : पदवी आणि फ्रीलान्स काम… आठवड्याचे गणित नेमके कुठे चुकते?

लोगो करणे, चित्रफितींचे संपादन, भाषांतर, संकेतस्थळे, ऑनलाइन शिकवण्या… पदवी घेता घेता अशी कामे करणाऱ्या विद्यार्थ्याला घरातून, महाविद्यालयातून सल्ला मिळतो तो एकच, ‘वेळेचे नियोजन कर.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण या कामांत वेळ हातातून जातो तो आळसामुळे कमी आणि कामाच्या अटींमुळे जास्त.

शिक्षणाला आठवड्याचे किती तास लागतात?

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने (२०२३) एका शैक्षणिक वर्षासाठी ४० श्रेयांक आणि १२०० अध्ययन तास धरले आहेत. यात तासिकांबरोबर प्रात्यक्षिके, स्वाध्याय, प्रकल्प हे सारे आले. अध्यापनाचे साधारण ३० आठवडे धरले, तर आठवड्याला ४० तास होतात. म्हणजे कागदावर तरी पदवी हीच पूर्णवेळ नोकरी आहे. प्रत्यक्षात इतका अभ्यास किती जण करतात, हा प्रश्न वेगळा. पण फ्रीलान्स काम रिकाम्या वेळेत होते, हा समज इथेच मोडतो.

आता त्यात २० तासांचे काम मिळवा. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ आणि अभ्यास व कामाचे ६० वजा केले, की ५२ उरतात. जेवण, प्रवास, कपडे धुणे यांचे रोज तीन तास काढले तरी ३१ तास शिल्लक. कर्जत किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याचे आणखी कमी. तरीही उरतात. मग विद्यार्थी दमलेला का दिसतो?

उरलेले तास जातात कुठे?

तुकड्यांत जातात. ग्राहक अमेरिकेत असेल, तर त्याची सकाळ ही इथली रात्र. रात्री साडेदहाला ‘एक छोटासा बदल’ येतो, तो पाऊण तास खातो आणि त्यानंतरची झोपही. चित्रपट पाहताना, ट्रेकला गेल्यावर फोन उपडा ठेवण्याची हिंमत होत नाही. त्या वेळात काम झालेले नसते आणि विश्रांतीही झालेली नसते.

दुसरी गळती पैशांची. समजा, सहा हजार रुपयांना फलकांचा संच ठरला, २० तास लागतील असे वाटले. दर तासाला ३०० रुपये पडले. प्रत्यक्षात नमुने दाखवणे, चार वेळा बदल, बिल आणि मग पैशांसाठी महिनाभर आठवणी, असे ३५ तास गेले. दर १७१ रुपयांवर आला. बुडालेला फरक भरून काढण्यासाठी विद्यार्थी आणखी एक काम घेतो, आणि हे काम कोणत्या तासांत बसते? बहुधा रविवारच्या.

महाराष्ट्रात याला हंगामही आहे. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत जाहिराती, फलक, दिवाळी अंकांची मुद्रितशोधने यांची रीघ लागते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच अनेक विद्यापीठांच्या सत्र परीक्षा येतात. वर्षातली सर्वांत चांगली कमाई आणि सर्वांत महत्त्वाचे पेपर एकाच वेळी! इथे वेळापत्रकाची रंगीत वही फारशी उपयोगी पडत नाही. ऑगस्टमध्येच काही कामांना ‘नाही’ म्हणावे लागते.

तासांना मर्यादा कोण घालते?

‘कमवा आणि शिका’ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्या पायातच श्रम आणि शिक्षण यांची सांगड होती. विद्यापीठांत आजही चालणाऱ्या त्या नावाच्या योजनेत मानधन तासावर मिळते आणि तासांना मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवीसाठी गेलेल्या मराठी मुलांना सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही. स्वतंत्र व्यवसाय तर अजिबात नाही. तो नियम व्हिसाचा आहे, विद्यार्थ्यांच्या काळजीपोटी आलेला नव्हे. पण मर्यादा तरी ठरते. इथला फ्रीलान्सर स्वतःचाच मालक, त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी नाही.

ती मर्यादा कामाच्या अटींतच घालावी लागते. निम्मी रक्कम आगाऊ, बदल दोनच वेळा, पुढच्या बदलाला वेगळा दर, रात्री नऊनंतर उत्तर नाही. हे सारे ईमेलवर, काम सुरू होण्याआधी. पहिल्या ग्राहकाशी असे बोलणे जड जाते, तो निघूनही जाऊ शकतो. मात्र जो इतक्यावरून निघून जातो तो पैसे वेळेत देईल, याची शक्यता कमीच. भारतीय ग्राहकाकडून पैसे थकत असतील, तर विनाशुल्क ‘उद्यम’ नोंदणी उपयोगी पडते. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. करकपात झाली असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. अनेक विद्यार्थी ती सोडून देतात आणि तेवढ्यासाठी पुन्हा तास विकतात.

महाविद्यालयांनी काय करावे?

ज्यांच्या खोलीचे भाडेच या कामातून निघते, त्यांना ‘काम कमी कर’ सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. नव्या अभ्यासक्रमांत कार्यानुभव प्रशिक्षणासाठी श्रेयांक आहेत. डिझाइन शिकणाऱ्या मुलीने वर्षभर खऱ्या ग्राहकांसाठी काम केले असेल, तर बिले आणि नमुने तपासून ते तिथे धरायला हरकत नसावी. नाही तर ती तेच काम रात्री करते आणि दिवसा कुठल्या तरी कार्यालयात विनावेतन बसते.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. अंतर्गत परीक्षा आणि प्रकल्प सादरीकरणाच्या तारखा अनेक ठिकाणी आठवडाभर आधी सूचनाफलकावर लागतात. त्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात हाती पडल्या, तर विद्यार्थ्याला ग्राहकाला तारीख देताना त्या समोर ठेवता येतील.