अर्ध्या तासाची मालकी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. तालुक्याच्या गावी राहणारी एक मैत्रीण लिहिते, "सकाळी साडेपाचला उठते. डबे, पाणी, मुलांची शाळा, मामंजींचा चहा, मग धुणं. दुपारी जरा पाठ टेकते न टेकते तोच मुलं दारात. रात्री ओटा आवरून निजायला अकरा. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. अहो, मी दिवसभर बसते तरी कधी? आमच्या यांच्या मते घरकाम हाच बायकांचा व्यायाम. खरं का हो हे?"

अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात घरकामसुद्धा हालचालीत धरलंय. मात्र ते काम असं हवं की श्वास जरा वाढला पाहिजे, अंग तापलं पाहिजे. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. आता तुम्हीच सांगा, ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटताना असा दम लागतो का? पाय मात्र दुखतात. दोन-दोन तास एका जागी उभं राहिल्याचा तो शीण असतो. आपल्या आज्या जात्यावर दळत, आडाचं पाणी शेंदत, उखळात कांडत. त्यांचं घरकाम व्यायामाच्या तोडीचं होतं यात शंका नाही (त्यात त्यांची कंबर मोडली ती वेगळी). आता पीठ गिरणीतून येतं, चटणी मिक्सरमध्ये होते, पाणी नळाला येतं. हे चांगलंच झालं, जातं परत आणा असं कोण म्हणेल! पण दगदग तेवढीच राहिली नि अंगमेहनत गेली, असं आपलं झालंय खरं. बसून लादी पुसणं, अंगणात खराटा मारणं, पाण्याच्या बादल्या घेऊन जिने चढणं हे मात्र खुशाल हिशेबात धरा.

ही एकट्या त्या मैत्रिणीची गोष्ट नव्हे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली जो अभ्यास आला, त्याप्रमाणे २०२२ साली भारतातल्या साधारण ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांचा आकडा ४२. म्हणजे दिवसभर राबणाऱ्या आपण, नि व्यायामात मागेही आपणच!

हवं तरी किती? आठवड्याला १५० मिनिटं झरझर चालणं किंवा तेवढ्याच जोराचं काही, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. १५० म्हटलं की धडकी भरते, पण दिवसाला बावीसच मिनिटं पडतात. आणखी एक सोयीची गोष्ट सांगते. पूर्वी म्हणत, सलग दहा मिनिटं तरी चालायला हवं, तरच ते मोजायचं. २०२० साली ही अट काढून टाकली. आठ मिनिटं भाजी आणायला, सात मिनिटं धाकटीला शाळेत सोडायला, असं तुकड्यातुकड्यांनी झालं तरी चालतं. फक्त झरझर चला. कोपऱ्यावर गप्पा मारत उभं राहिलात तर ती मिनिटं वजा!

आणि त्या दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावरून उतरवा बाई. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत हल्ली हाच विषय, कुणाच्या मोबाइलमध्ये किती पावलं झाली. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. नाव लक्षात राहिलं नि आकडा जगभर गेला. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडला नाही. तेव्हा सहा हजार झाली म्हणून रात्री अंथरुणाभोवती फेऱ्या घालू नका.

चालण्याबद्दल सगळे बोलतात. ताकदीच्या व्यायामाबद्दल बायकांशी कुणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबते. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. त्यात मांड्यांत जोर नसला तर तोल सावरत नाही. आमच्या शेजारच्या आजी मोरीत साध्या घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया छान झाली. पण पाटावरून हात न टेकता उठायची ताकद आधीच गेलेली होती, ती काही परत आली नाही, आणि घरभर वावरणारी बाई खिडकीपाशी बसून राहिली. हे पासष्टीत घडतं, पण त्याची तयारी पस्तिशी-चाळिशीतच व्हायला हवी. मला तर वजनाच्या काट्यापेक्षा हीच परीक्षा खरी वाटते. जमिनीवर मांडी घालून बसा नि हात न टेकता उठून पाहा. नाही जमलं तर घाबरू नका, सुरुवात कुठून करायची ते तरी कळलं.

त्यासाठी क्लास लावायला नको. पाठीची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी बांधून तिच्यावरून उठा, बसा, असं दहा वेळा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळहात भिंतीवर टेकवा नि कोपरात वाकून पुन्हा मागं या. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचला. लिटरभर पाण्याची बाटली किलोभर भरते, दोन्ही हातांत दोन घेतल्या की झालं वजन. सोपं वाटू लागलं की वेळा वाढवा.

सूर्यनमस्कार तर आपल्या घरचेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा ध्यासच घेतला होता. संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, आणि १९३८ साली त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. पण पहिल्याच दिवशी बारा घालायचा हट्ट नको. तीन सावकाश घाला. गुडघे, मनगटं कुरकुरत असतील, रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथेच थांबा नि दवाखाना गाठा.

एक गोष्ट बायका कुजबुजतच सांगतात. बाळंतपणानंतर शिंकताना, हसताना, उडी मारताना लघवीचे थेंब जातात, नि त्या लाजेनं कितीजणी व्यायामच सोडतात. याला उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच इतर वेळी आवळायचे, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे नि सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतलं तर उत्तमच.

हे सगळं ठाऊक असूनही होत का नाही? आळस म्हणाल तर मला पटत नाही. पहाटे उठून चार डबे भरणारी बाई आळशी कशी? खरी अडचण अशी की घरात प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि बाईची वेळ उरलेली असते. उरलेल्या वेळात व्यायाम बसत नाही, कारण वेळ उरतच नाही. म्हणून परवानगी मागत बसू नका, सरळ सांगून टाका, "मी साडेसहा ते सात बाहेर आहे, गॅसवर दूध आहे, लक्ष ठेवा." दोनदा उतू जाईल, तिसऱ्यांदा कुणीतरी पाहील. सासूबाईंना राग येईलसं वाटत असेल तर त्यांनाच बरोबर घ्या. श्रावणात मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगडी घातलेल्या बायका असतात त्या, कदाचित आपल्यालाच मागं टाकतील.

व्यायाम एखाद्या ठरल्या गोष्टीला बांधून टाका. मुलांची रिक्षा गेली की चपला न काढता तसंच चालू पडायचं. एकदा घरात शिरलात की भांडी दिसणार. बरोबर एखादी मैत्रीण असू द्या, ती फाटकाशी उभी आहे म्हटल्यावर पांघरूण आपोआप सुटतं. साडीवर बूट घातले म्हणून कुणी हसलं तर चार दिवस हसेल. कॅलेंडरवर रोज फुली मारा. मध्ये पाहुणे येतील, मुलांच्या परीक्षा येतील, गौरी-गणपतीत आठ दिवस कोरे जातील. मग पुढचा सोमवार, पुढचा पाडवा अशी वाट पाहू नका, पाहुणे गेले त्याच संध्याकाळी दहा मिनिटं गच्चीवर चाला.

आणि पहिले दोन महिने काट्यावर उभ्याच राहू नका. वजन मुख्यतः ताटावर ठरतं, ते हललं नाही की आपला जीव खट्टू होतो. झोप बरी लागते का, जिना चढताना थांबावं लागतं का, संध्याकाळी मुलांवर ओरडणं कमी झालं का, हे बघा. घाम काढणारे पट्टे मात्र विकत घेऊ नका, त्यानं जातं ते पाणी, दोन पेले प्यायलात की परत जागेवर.

आता पावसाचं विचाराल. रस्ते निसरडे, त्यात आपल्या गावांना पदपथ म्हणजे दुचाक्या लावायची जागा. तेव्हा पावसाळाभर घरातल्या घरात जागच्या जागी चाला, गुडघे जरा वर उचलून. रेडिओवर तीन-चार गाणी होईपर्यंत पंधरा मिनिटं सहज होतात.